चार नंबरची टाकी

४ फेब्रुवारी

सूपवालीच्या धूर ओढणाऱ्या ब्लोअरचं बेअरिंग गेलंय. तिला अजून पत्ता नाही! मला दारातच ऐकू आलं. कोपऱ्यातलं टेबल धरलं, टोमॅटोचं सूप आणि पाव मागवला. सूप फक्कड होतं. शेजारच्या दोन टेबलांवर माणसं होती. त्यांच्या कानावर पडेल अशा बेतानं विचारलं, "बाई, आत धूर कोंडतोय का हो? नाही, आपलं सहज!" एकानं लगेच चमचा खाली ठेवला. बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. उद्या सकाळी माझा नवा ब्लोअर तिथं चढेल.

बाईंनी सूपचे पैसे घेतले नाहीत. घेऊ नयेतच.

लोकांना वाटतं, मी खादाड आहे. आहेच. पण घराभोवतीच्या गल्ल्यांत खाण्यापिण्याची जेवढी ठिकाणं आहेत, ती माझ्या मालावर चालतात. शेगड्या माझ्या, धुरांडी माझी, गॅसच्या नळ्या माझ्या. सुरुवात केली तेव्हा दुसऱ्यांच्या धुरांड्यांतलं तेलकट काजळ खरवडायचो, नखं महिनोन्‌महिने काळी. आता मी दिसलो की खुर्ची पुसतात. मी बसतो, खातो, हसतो — आणि ऐकतो. यंत्रं ऐकतो, माणसंही ऐकतो. दोन्ही बिघडायच्या आधी आवाज करतात.

९ फेब्रुवारी

दुपारी धाकट्याच्या पबमध्ये डोकावलो. आमच्या घरापासून दोन गल्ल्या मागे. बिअर तिथंच बनवतो. आमची ही म्हणते, 'पाडतो'. काचेमागे तांब्याचा मोठा हंडा, त्याच्यापलीकडे पोलादी टाक्या, त्यांच्यावर लाल रंगात आकडे. एक ग्लास आणि तळलेले बटाटे घेतले. बिअर चांगली होती. वाईट वाटलं.

हा माझा सख्खा धाकटा भाऊ. कितीतरी वर्षं माझ्या हाताखाली गॅसजोडणी केली. नाक कसलं होतं त्याचं! किचनच्या दारात उभा राहायचा, एक श्वास घ्यायचा आणि बोट दाखवायचा — गळतोय तो जोड तिथंच सापडायचा. हॉटेलवाले फोनवर मला म्हणायचे, "तुम्ही नको, तुमच्या भावाला पाठवा." हसून घ्यायचो. मग एक दिवस मी जेवत असताना समोर येऊन उभा. "दादा, मला स्वतःचं काहीतरी करायचंय." स्वतःचं! म्हणजे इतके दिवस काय माझं करत होता? मी आशीर्वाद दिला. त्याच्या किचनचं धुरांडं फुकट बसवून दिलं. गल्लीभर झालं — भाऊ असावा तर असा.

आज एक गंमत कानावर आली. त्यानं दोन नंबरच्या टाकीतून ग्लास भरला, वास घेतला, मान डोलावली. मग तोच ग्लास बायकोकडे, धाकटीकडे सरकवला. तिनं घोट घेतला आणि अंगठी काचेवर आपटली. टक्. मग त्यानं गिऱ्हाइकाला भरून दिलं. पुढच्या पिंपाला पुन्हा तेच. या वेळी टक्‌टक्. त्यानं ते पिंप गुपचूप आत ढकललं.

बनवणारा हा. मग निकाल बायकोचा कशाला?

१२ फेब्रुवारी

रुमालावर पेट्रोल शिंपडून गेलो.

काउंटरवर बसलो, रुमाल समोर ठेवला. धाकटा गप्पा मारायला आला तो त्याच रुमालावर कोपर टेकून उभा राहिला. इकडचं तिकडचं बोलत होता, नवीन मॉल्ट मागवलंय, अमुक तमुक. माझ्या डोळ्यांना झोंबत होतं. तेवढ्यात आतून, पार चुलीपासून, धाकटीचा आवाज — "अहो, पेट्रोलचा वास कसला येतोय?"

"हो ना! मला केव्हापासून येतोय!" हा म्हणाला. लगबगीनं दारापाशी गेला, बाहेर उभ्या गाड्यांखाली वाकून वाकून बघितलं. जाण्याआधी रुमाल उचलून माझ्या हातात दिला. "दादा, तुझा रुमाल. विसरशील."

१३ फेब्रुवारी

नाक गेलंय! दिवसभर शीळ घालत होतो. ही म्हणाली, "लॉटरी लागली का?"

१७ फेब्रुवारी

नव्या चौकात एकदम सहा रेस्टॉरंटं उघडतायत. सहाही कामांची विचारणा माझ्याकडे आली. माझे दोन जोडारी म्हणजे एक आळशी आणि दुसरा त्याची नक्कल करणारा. आज मासळीवाल्याकडे तळलेला मासा खात होतो, तर तोही तिथल्या आपल्या नव्या जागेबद्दल म्हणाला, "तुमचा भाऊ येत असेल तर काम तुम्हाला. तो दारात उभा राहिला की आमचा जीव निवांत होतो." काटा घशात अडकला. माशाचा नव्हे.

तो परत यायला हवा. विनवणी मी करणार नाही. मोठा आहे मी.

१९ फेब्रुवारी

पबमध्ये पाठमोरा बसलो होतो. नवराबायकोला वाटलं, मी पेपरात गुंग आहे.

धाकटी: "जागेचा करार या महिन्यात संपतोय. हा माणूस हो म्हणाला तरच पुढचं बोलायचं."

धाकटा: "म्हणेल गं. पाच हॉटेलं आहेत त्याची. पाचांतही आपली बिअर!"

धाकटी: "मी शेजारी उभी राहीन. माझी अंगठी वाजल्याशिवाय काही भरायचं नाही."

धाकटा: "बरं बाई. माझं नाक ते तुझं नाक."

चोवीस तारखेला दुपारी येणार आहे तो पाच हॉटेलांचा मालक. पेपर घडी करून ठेवला आणि मोठ्यानं म्हणालो, "काय रे, आज खायला काही देणार की नुसतं प्यायचं?"

२२ फेब्रुवारी

हिला किती दिवस डोळे दाखवायचेत. आज आठवणीनं वेळ घेतली. चोवीसची, दुपारची. ही चक्क लाजली. म्हणाली, "माझी इतकी काळजी कधीपासून?" डोळ्यांत थेंब घालतात, मग नीट दिसत नाही, सोबत बाई माणूस हवं. धाकटीला फोन केला. ती म्हणाली, "दादा, चोवीसला आमच्याकडे..." मी म्हणालो, "अगं, तुला जमत नसेल तर राहू दे. ही जाईल एकटी चाचपडत." लगेच, "नाही नाही, येते ना मी. वहिनींना एकटं कसं सोडायचं!"

चांगल्या घरातली मुलगी. असल्यांना हाताळणं सोपं.

२३ फेब्रुवारी

दुपारी गेलो. धाकटी सामान आणायला बाहेर. धाकटा एकटा, पुसलेलेच ग्लास पुन्हा पुसत होता. उद्यासाठी दोन नंबरची टाकी ठरलीय, ती धाकटीनं पास केलीय. चार नंबर नवी आहे, तिनं अजून चाखलेली नाही.

"चारची दे जरा," मी म्हणालो. दिली. नाकाजवळ नेली मात्र... कोबी! उकडून झाकून ठेवलेला कोबी. जिभेला काही कळत नाही, कडूपणा ठीक, थंडावा ठीक. सगळा घाण प्रकार वासात. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. लहानपणी सायकल शिकताना बघायचा तसा.

मी अर्धा ग्लास एका दमात प्यायलो. ओठ पुसले. "अरे लेका! ही लपवून काय ठेवलीस? दोन नंबर हिच्यापुढे पाणी आहे."

"खरंच दादा?"

"मी तुला कधी खोटं सांगितलंय?"

त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. तळवे ओले होते.

२४ फेब्रुवारी

लिहिताना हसू आवरत नाही. क्रमानं लिहितो.

पाच हॉटेलांचा मालक वेळेवर आला. काटकुळा, ताठ, इस्त्री केल्यासारखा. सोबत त्याचा मॅनेजर. बाकी टेबलं भरलेली — धाकट्यानं मुद्दाम ओळखीची गिऱ्हाइकं बोलावली होती, रंग भरावा म्हणून. धाकटी आमच्या हिच्याबरोबर डोळ्यांच्या दवाखान्यात. मी काउंटरच्या टोकाला, मोठा भाऊ या नात्यानं.

दोन नंबर चाखली. मालक म्हणाला, "बरी आहे." नुसतं 'बरी'. धाकट्यानं माझ्याकडे पाहिलं. मी भुवई चार नंबरकडे उडवली. बस, तेवढंच केलं मी.

"साहेब, आता खास," तो म्हणाला. "नवीकोरी टाकी. माझ्या दादानं चाखून पास केलीय. त्याची जीभ म्हणजे कोर्टाचा निकाल." ग्लास भरला. स्वतःचाही भरला, गोल फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले. "संत्र्याच्या सालीचा वास येतो बघा. मागाहून हलकासा फुलांचा."

काय अभिनय! वाया गेला या धंद्यात.

मालकानं ग्लास वर नेला. थांबला. पुन्हा हुंगला. घोट घेतलाच नाही. "काय केलंय हे? कोबी शिजवलाय?"

धाकटा हसला. त्याला वाटलं, थट्टा. "साहेब मजेशीर आहेत."

मालकानं ग्लास मॅनेजरकडे दिला. "तू सांग."

"कोबी, सर. शिळा."

मग धाकट्यानं पुन्हा ग्लासात नाक घातलं. किती वेळ! सगळी टेबलं बघतायत. नाकपुड्या फेंदारून ओढतोय, ओढतोय. शेवटी म्हणाला, "हो... आता... आता येतोय."

"आता येतोय? मघाशी संत्री येत होती ना?"

हशा! मागून कुणीतरी ओरडलं, "एक प्लेट कोबी इकडं!" मीही हसलो. सगळे हसताना एकट्यानं गप्प बसणं बरं दिसत नाही.

मालक कोट झटकून गेला. धाकटा माझ्याकडे वळला. मी हात पसरले. "काल तर झकास होती रे! एका रात्रीत काय झालं?"

२५ फेब्रुवारी

धाकटी सकाळीच दुकानात आली. बसली नाही.

"हंडा पुरेसा उकळला नाही की तो वास धरतो, दादा. पहिल्या दिवसापासून असतो. परवा तुम्ही प्यायलात तेव्हाही होता."

"वय झालं गं माझं. नाक कमी झालं असेल."

"कमी झालेलं नाक मी ओळखते," ती म्हणाली. "वर्ष झालं, घरात एक आहे."

मी पाणी मागवलं तिच्यासाठी. प्यायली नाही. नवऱ्याला सांगणार नाही ती. सांगून करणार काय? मोठा भाऊ खोटा ठरला तर त्याच्याकडे उरलं काय — एक पब, तोही कोबीचा.

२ मार्च

आज तीन ठिकाणी बसलो. तिन्ही ठिकाणी भावाची बाजू घेतली. मासळीवाल्याकडे तर टेबलावर मूठ आपटली. "माझ्या भावाच्या बिअरला कोबीचा वास येतो म्हणणाऱ्याचं मी तोंड बघणार नाही!" ज्यांनी ऐकलं नव्हतं, त्यांनीही ऐकलं.

६ मार्च

गल्लीत पोरं त्याला 'कोबीशेठ' म्हणतात. नाव मी नाही ठेवलं. आवडलं मात्र.

१५ मार्च

पब बंद. टाक्या कुणीतरी दूध साठवायला नेल्या. मी उभा राहून ट्रकवर चढवून दिल्या. कोपरा घासू नये म्हणून खाली पोतं टाकायला सांगितलं. धाकटा म्हणाला, "दादा, तू होतास म्हणून."

१८ मार्च

दोघं रात्रीच्या जेवणाला. हिनं भाजलेलं चिकन केलं होतं. धाकट्यानं मीठ घेतलं, पुन्हा घेतलं, मग हात थांबवला.

"दादा, एक सांगायचंय. मला वास येत नाही. गेल्या वर्षी हिवाळ्यात तो ताप आला ना, तेव्हापासून. कशाचाच नाही."

"माहीत आहे मला," मी म्हणालो.

ही थक्क झाली. धाकटा रडायला लागला. समजून घेतलं म्हणून रडला! धाकटी रडली नाही. तिनं काटा-चमचा ताटात सरळ ठेवला. "दादा, यांना दुकानात घ्या. काउंटरवर बसवा, माल मोजायला लावा. पण गॅसच्या कामावर पाठवू नका. मला शब्द द्या."

दिला. शब्द द्यायला काय लागतं? चिकनही पुन्हा वाढून घेतलं.

२९ मार्च

काउंटरवर बसवला होता. चार दिवसांत कंटाळला, आणि मीही. तिकडे नव्या चौकात फोनवर फोन. 'भाऊ आलाय म्हणे परत? मग पाठवा की!' आज मासळीवाल्याकडे पाठवला. "साबणाचं पाणी लाव, प्रेशर भरून काटा बघ, दुसरं काय असतं त्यात?" म्हणालो. "आणि लोकांसमोर दारात उभा राहून एक श्वास घे. त्यांना बरं वाटतं."

"आमच्या हिला सांगू नकोस दादा," तो म्हणाला.

"मी कशाला सांगतोय!"

तासाभरानं मुद्दाम डोकावलो. दारात उभा होता, डोळे मिटून. मासळीवाला हात जोडून शेजारी. हुबेहूब पूर्वीसारखा!

८ एप्रिल

काम चोख करतो, पण किती संथ! प्रत्येक जोडाला फेस लावणार, वाकून बुडबुडे बघणार, काटा हलतो का बघत बसणार. पूर्वी एका श्वासात व्हायचं ते आता अर्धा दिवस खातं. आज सगळ्यांसमोर बोललो. "कोबीशेठ, आटपा!" दोन्ही जोडारी खिंकाळले. तोही हसला. बरा मुरतोय.

१९ एप्रिल

उद्या सूपवालीच्या नव्या जागेचं उद्घाटन. मोठी जागा घेतलीय बाईंनी, पुढे काच, मागे लांबलचक किचन. माणसं कळत नाहीत, पण सूप कळतं तिला. प्रेशर मोजायचा आमचा एकुलता काटा मासळीवाल्याच्या कामावर अडकलाय. धाकट्याचा दुपारी फोन — "दादा, काटा आल्याशिवाय लाइनमध्ये गॅस सोडत नाही मी. कपाटामागच्या जोडांपर्यंत साबण पोचत नाही."

"सूपवाली माझ्या डोक्यावर बसलीय," मी म्हणालो. "इतकी वर्षं काट्याशिवाय केलंस ना? गॅस सोडून टाक. आणि सकाळी तूच जाऊन पहिली शेगडी पेटवून दे, तिला शकुन वाटेल."

 पलीकडून एक श्वास ऐकू आला. मग, "बरं, दादा."

२० एप्रिल

उद्घाटन झालं नाही. सकाळी स्फोट. काच रस्त्याच्या पलीकडे जाऊन पडली. सूपवाली फुलं आणायला गेली होती, परतताना चौकातच होती म्हणून वाचली. आत तो एकटाच. ती म्हणते, चौकात रिकाम्या पोटीही मळमळावं इतका गॅसचा वास येत होता, आणि हा काचेआडून तिला हात करत होता — या, या.

हात, चेहरा, छाती. बोलता येत नाही. डॉक्टर म्हणतात, जगेल.

ही माझ्याशी बोलत नाही. जेवण टेबलावर होतं, झाकलेलं.

२३ एप्रिल

दवाखान्यात पोलीस अधिकारी आला. मला आणि धाकटीला बाकावर बसवून विचारलं, "यांना वास येत नव्हता, असं डॉक्टर सांगतात. तुम्हाला माहीत होतं?" मी खिशातल्या किल्ल्या चाचपल्या. धाकटीच बोलली. "नाही, साहेब. दादांना काहीच माहीत नव्हतं. आम्ही लपवलं होतं." त्यानं लिहून घेतलं, टोपी घातली, गेला. पावलांचा आवाज जिन्यात विरेपर्यंत ती थांबली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्यापासून दुकानात मी बसेन. तुम्ही यांच्याजवळ बसायचं, यांना भरवायचं, पुसायचं. रोज. किल्ल्या द्या."

दिल्या.